टायर ऑनलाइन घ्यायचा की दुकानातून? राधानगरीच्या पिनकोडवर हिशेब वेगळा बसतो

२२ सप्टेंबर २०२५ पासून कार आणि बाईकच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा तर १८ वरून थेट ५ वर. टीव्ही, एसी आणि छोट्या गाड्या स्वस्त झाल्याच्या गोंगाटात ही बातमी जरा मागे पडली. पण गाडी एकदाच घेतली जाते, टायर मात्र दर चार-पाच वर्षांनी घ्यावेच लागतात. त्यामुळे खिशावर परिणाम करणारी बातमी खरं तर हीच होती.

तेव्हापासून एक प्रश्न सारखा ऐकू येतो. मोबाईलवर एका ॲपमध्ये टायर एका दराला दिसतो, गावातला किंवा कोल्हापूरचा दुकानदार तोच टायर दोन-चारशे रुपये जास्त सांगतो. मग ऑनलाइनच मागवला तर? पुण्या-मुंबईत याचं उत्तर एका वाक्यात देता येईल. राधानगरी, राशिवडे, सरवडे, सोळांकूर, दाजीपूर या पट्ट्यात राहणाऱ्याला तेच उत्तर चालत नाही. का, ते बघू.

आधी जीएसटीचा फरक किती पडतो ते पाहू. हिशेबासाठी कर सोडून टायरची किंमत ४,००० रुपये धरा. जुन्या दराने तो ५,१२० ला पडायचा, आता ४,७२० ला पडायला हवा. एका टायरमागे ४०० आणि चार टायरचे १,६०० रुपये वाचतात. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दुकानदार म्हणाला, "हा माल जुन्या जीएसटीत आलाय, म्हणून रेट जुनाच", तर ते कारण चालत नाही. तुम्हाला विक्री ज्या दिवशी होते त्या दिवशीचा दर लागतो, माल गोदामात कधी आला याच्याशी त्याचा संबंध नाही. बिलावर १८ टक्के लिहिलेत ना, एवढं बघायचं. हे ऑनलाइनलाही तितकंच लागू आहे.

मोबाईल मागवणं आणि टायर मागवणं

मोबाईलचा बॉक्स घरी आला, उघडला, चालू केला, काम संपलं. टायरचं काम घरी आल्यावर सुरू होतं. जुना उतरवायचा, नवा रिमवर चढवायचा, नवा वॉल्व बसवायचा, बॅलन्सिंग करायचं, मग अलाईनमेंट. म्हणजे ऑनलाइन घेतला तरी शेवटी कुणाच्या तरी दुकानात जावंच लागतं.

हे जगभर असंच आहे. अमेरिकेत 'टायर रॅक' ही कंपनी १९७९ पासून आधी फोनवर आणि नंतर इंटरनेटवर टायर विकते. तिचा टायर बहुतेक वेळा ग्राहकाच्या घरी न जाता जवळच्या ठरलेल्या फिटिंगवाल्याकडे जातो. डिसेंबर २०२१ मध्ये ही कंपनी 'डिस्काउंट टायर'ने विकत घेतली, आणि डिस्काउंट टायर म्हणजे प्रत्यक्ष दुकानांची तिथली सगळ्यात मोठी साखळी. ब्रिटनमधली ऑनलाइन टायर विकणारी 'ब्लॅकसर्कल्स' ही साईट २०१५ मध्ये मिशेलिनने घेतली. दोन्ही ठिकाणी स्क्रीनवरच्या व्यवसायाला टायर कंपनीच्या किंवा दुकानांच्या साखळीच्या आधाराला जावं लागलं. दुकानाशिवाय टायर विकता येत नाही, हे त्यांनाही मान्य आहे असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे ऑनलाइन टायर म्हणजे साधारण तीन प्रकार. ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर वेगवेगळे विक्रेते टायर टाकतात, तो कुरिअरने घरी येतो, बसवायचं तुम्ही बघायचं. टायरप्लेक्स, टायरमार्केट, टायर्सएनमोअर यांसारख्या टायरच्याच साईटवर गाडीचं मॉडेल टाकून टायर शोधता येतो आणि शहरात फिटिंगची सोय जोडून मिळते. तिसरा प्रकार टायर कंपन्यांच्या स्वतःच्या साईटचा. तिथं बुकिंग ऑनलाइन होतं, पण टायर येतो कंपनीच्या डीलरकडूनच. तुम्हाला वाटतं आपण ऑनलाइन घेतला, प्रत्यक्षात ते डीलरच्या दुकानातलंच गिऱ्हाईक असतं.

पिनकोड टाकल्यावर काय होतं

शहरात फिटिंग सेंटर दोन-चार किलोमीटरवर असतं, काही ठिकाणी व्हॅन घरी येऊन टायर बसवून जाते. राधानगरीपासून कोल्हापूर साधारण ५५ किलोमीटर. फिटिंग सेंटर कोल्हापुरात निघालं तर जाऊन-येऊन ११०. गाडी लिटरला १८ देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर साडेसहाशेच्या आसपास इथंच गेले. शिवाय अर्धा दिवस.

आता कुरिअरने घरी मागवला असं समजा. टायर आला, तुम्ही तो गावातल्या पंक्चरवाल्या मामांकडे नेला. पहिला प्रश्न येणार, "बाहेरनं आणलाय काय?" मग फिटिंगचे पैसे वेगळे, वॉल्वचे वेगळे, बॅलन्सिंगची सोय असेल तर त्याचे वेगळे. यात मामांचा दोष नाही. टायर विकला की मिळणाऱ्या मार्जिनमधून फिटिंग 'फ्री' देता येतं. तुम्ही मार्जिन दुसरीकडे देऊन आलात तर मेहनतीचे पैसे ते मागणारच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मशीन आहे का ते विचारा. ट्यूबलेस टायर पहारीने चढवताना टायरची आतली कड, जी रिमला घट्ट बसून हवा धरून ठेवते, ती दुखावू शकते. अलॉय रिम असेल तर ओरखडे ठरलेलेच. मग रोज सकाळी हवा थोडी कमी दिसते आणि आपण टायर कंपनीला शिव्या घालतो. टायर काढा-घालायचं मशीन, बॅलन्सिंग आणि अलाईनमेंट ही तिन्ही एकाच छताखाली हवी असतील, तर आपल्या भागातल्या बहुतेकांना तालुक्याबाहेर जावं लागतं. मग तिथंच टायर का घेऊ नये, हा प्रश्न आपोआप येतो.

ॲपवरच्या दराबद्दलही एक सांगायला हवं. पहिल्या स्क्रीनवर एक आकडा आणि पेमेंटच्या स्क्रीनवर फिटिंग, डिलिव्हरी, 'सुविधा शुल्क' जोडून दुसराच आकडा, हा प्रकार ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीत डार्क पॅटर्न म्हणून नोंदवला आहे. अशा एकूण १३ युक्त्या त्यात आहेत. "फक्त २ टायर शिल्लक" असं खोटंच दाखवून घाई करायला लावणं हीसुद्धा त्यातलीच एक. म्हणून तुलना करायची ती शेवटच्या स्क्रीनवरच्या आकड्याची. दुकानातही तसंच: "फिटिंग, वॉल्व, बॅलन्सिंग, अलाईनमेंट धरून चारचे किती?" असा एकच प्रश्न विचारा.

चार आकडे, आणि त्यातच सगळी मेख

दरापेक्षा जास्त फसवणूक तारखेत होते, ऑनलाइनही आणि दुकानातही. टायरच्या बाजूच्या भिंतीवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारा एक कोड असतो. त्याच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला तयार झालाय. ४८२१ असेल तर २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातला. असा टायर दिसायला अगदी नवा कोरा, वरचे रबराचे केससुद्धा शाबूत असतात. पण रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. उन्हात ठेवलेला तर लवकरच. ते कडक होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला नीट धरत नाही.

पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. बसवताना ती बाजू आत गेली की बाहेरून तारीख दिसतच नाही. म्हणून टायर रिमवर चढायच्या आधी मोबाईलचा टॉर्च लावून चारही टायरचे फोटो काढा. नुसत्या उजेडात काळ्यावर काळी अक्षरं दिसत नाहीत, टॉर्च तिरका धरला की सावलीत उठून दिसतात. चारही म्हणतोय, कारण तीन ताजे आणि एक जुना असा सेट मिळणं अशक्य नाही.

ऑनलाइनची अडचण इथंच आहे. साईटवरचा फोटो त्या मॉडेलचा असतो, तुम्हाला येणाऱ्या नगाचा नसतो. तारीख कळते ती बॉक्स आल्यावर. साईटने 'अमुक महिन्यांपेक्षा जुना देणार नाही' असं लेखी म्हटलं असेल तर ठीक, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि तारीख जुनी निघाली तर बसवू नका. एकदा रिमवर चढलेला टायर परत घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही.

दुकानात तुम्ही नाही म्हणून उठू शकता. माझ्या मते प्रत्यक्ष दुकानाचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि आपण तो वापरत नाही. ओळखीच्या दुकानदाराला "तारीख दाखवा" म्हणायला लाजतो.

भिंतीवर अजून एक खूण शोधा: आयएसआय. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर हा शिक्का सक्तीचा आहे. कारच्या टायरसाठी मानकाचा क्रमांक आयएस १५६३३. शिक्क्याजवळचा 'सीएम/एल'ने सुरू होणारा लायसन्स नंबर 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकला की तो कोणत्या कंपनीचा आहे ते लगेच दिसतं. जून २०२० पासून टायरच्या आयातीवरही निर्बंध आहेत. त्यामुळे कधी नाव न ऐकलेला परदेशी ब्रँड निम्म्या दरात दिसला, तर आधी हा नंबर तपासा.

साईज: इथं मात्र फोन जिंकतो

टायरवरचा आकडा कसा वाचायचा? स्विफ्टचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे तीच जास्त दिसते. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४ असतो. रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंचांची. पुढे ८५टी असेल तर एक टायर ५१५ किलो वजन पेलू शकतो आणि ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालतो. वरच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर१५. पहिल्या टायरची एकूण उंची साधारण ६२० मिलिमीटर, दुसऱ्याची ६२१.५. रिम बदलली, रुंदी बदलली, उंची तीच राहिली. कंपनीने हे मुद्दाम केलंय, कारण स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजूनच वेग सांगतो. उंची वाढली की काटा कमी दाखवतो आणि गाडी त्याहून जोरात पळते.

हा हिशेब दुकानात तोंडी होत नाही. "साहेब, हा बी बसतोय" एवढंच ऐकू येतं. फोनवर टायर साईज कॅल्क्युलेटर फुकट मिळतात. उंचीत तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर नादी लागू नका, आणि वजनाचा आकडा मूळच्या पेक्षा कमी कधीच घेऊ नका.

अलॉयचं प्रकरण अजून नाजूक. रीलमध्ये दिसलेलं चाक मागवलं आणि नटाची भोकंच जुळली नाहीत, असं होतं. भोकं किती आणि ज्या वर्तुळावर ती आहेत त्याचा व्यास किती, याला पीसीडी म्हणतात. स्विफ्टचा ४ बाय १००. तो जुळला तरी मधलं मोठं भोक आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसणार, हेही जुळावं लागतं. ऑफसेट चुकला की वळताना टायर मडगार्डला घासतो आणि बेअरिंगवर ताण येतो. अलॉय घ्यायचं असेल तर एक चाक गाडीला लावून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघता येईल अशाच ठिकाणी घ्या. इथं मी ऑनलाइनच्या पूर्ण विरोधात आहे. आणि चाक कमानीबाहेर काढून 'लूक' करायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात असू द्या. कंपनीच्या मूळ तपशीलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते.

बिल

"बिल नको असेल तर अजून कमी करतो." हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. त्या कमी केलेल्या पैशात तुम्ही वॉरंटी विकलेली असते. कंपनीची साधी वॉरंटी फक्त बनावटीतल्या दोषाला असते आणि भरपाई उरलेल्या रबराच्या प्रमाणात मिळते. खड्ड्यात आपटून टायरला टेंगूळ आलं तर साध्या वॉरंटीत काही मिळत नाही. काही कंपन्या काही मॉडेलवर कट आणि टेंगळालाही वॉरंटी देतात, पण त्यासाठी बिल घेऊन मोबाईल नंबरवर ठरलेल्या मुदतीत नोंदणी करावी लागते. आपल्या रस्त्यांवर टेंगळंच जास्त येतात, तेव्हा ही नोंदणी दुकानातच, त्यांच्यासमोर करून घ्या. बिलावर साईज आणि टायरचा नंबर लिहून घ्या. दुकानाचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने होते, आणि जीएसटी पोर्टलवर तो टाकून नाव जुळतंय का बघता येतं.

ऑनलाइनला बिल आपोआप मिळतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण बिलावरचं नाव वाचा. ॲप एक आणि विक्रेता वेगळाच असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची माहिती दाखवणं ॲपला बंधनकारक आहे. तक्रार केली की त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाली काढायची. नाहीच झालं तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन. त्यापुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरला करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

एक गोष्ट दुकानदाराच्या बाजूनेही. टायरचे दर तो ठरवत नाही. पाच मोठ्या टायर कंपन्या आणि त्यांच्या संघटनेला स्पर्धा आयोगाने संगनमताने दर ठरवल्याबद्दल १,७८८ कोटींहून जास्त दंड केला होता. आदेश ऑगस्ट २०१८ चा, तो जाहीर झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवलं. विषय ट्रक-बसच्या टायरचा होता. पण दोनशे रुपयांसाठी ज्याच्याशी आपण घासाघीस करतो तो या साखळीतला शेवटचा माणूस आहे. रात्री दाजीपूरच्या जंगलात टायर बसला तर ॲप येत नाही, फोन करायचा तो त्यालाच. अर्थात त्याने तारीख लपवावी किंवा बिल टाळावं असा याचा अर्थ नाही.

आपला रस्ता रिव्ह्यूमध्ये नसतो

यूट्यूबवरचे टायर रिव्ह्यू बहुतेक एक्स्प्रेसवेवर केलेले. आवाज किती, मायलेज किती. आपला रस्ता म्हणजे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या, आणि दाजीपूरहून फोंडा घाट उतरून कणकवलीकडे जाणारी वळणं. पाऊस संपतो न संपतो तोच उसाचा हंगाम, ट्रॉल्यांच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल. इथं आवाज आणि मायलेज दुय्यम, ओल्या रस्त्यावरची पकड पहिली. २०२२ मध्ये केंद्राने टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळताना होणारा विरोध आणि आवाज यांची किमान पातळी ठरवणारं एआयएस १४२ हे मानक सक्तीचं केलं. नव्या डिझाइनच्या टायरना ते १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं, आधीच्या डिझाइनना २०२३ मध्ये. म्हणजे तारखेचे चार आकडे इथं पुन्हा कामाला येतात: २०२२ च्या आधीचा टायर या मानकाच्याही आधीचा असतो.

कायद्याने कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत घासलेली चालते. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, कडेला 'टीडब्ल्यूआय' लिहिलेलं असतं, रबर त्या पातळीला आलं की टायर संपला. घाटात उतरणाऱ्याने तिथपर्यंत थांबू नये. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये आरटीओने गुळगुळीत टायरच्या गाड्या प्रवेशालाच अडवायला सुरुवात केली. फोंडा घाटाच्या तोंडाशी असं कुणी अडवत नाही.

मग घ्यायचा कुठून? राधानगरीच्या माणसाने दर फोनवर बघावा, साईज फोनवर तपासावी, आणि टायर बिल देणाऱ्या, तिन्ही मशीन असणाऱ्या दुकानातून घ्यावा, असं माझं मत. ॲपचा शेवटच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट दुकानदाराला दाखवा. दोन-चारशेचा फरक बऱ्याचदा तिथंच मिटतो. चारचा मिळून फरक दीड-दोन हजारांच्या वर जात असेल, किंवा गाडी जुनी आणि साईज अशी की कोल्हापुरातही मिळत नाही, तर ऑनलाइन जरूर घ्या. तो टायर घरी न मागवता थेट फिटिंग सेंटरच्या पत्त्यावर मागवा, म्हणजे तारीख जुनी निघाली तर तो रिमवर न चढवता तिथूनच परत करायचं बोलता येईल.

दुकानातून घ्यायचा असेल तर ५५ किलोमीटर जाण्याआधी एक फोन करा. साईज सांगा, चारचा सगळं धरून दर विचारा, आणि तारखेचे चार आकडे व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवायला सांगा. जो फोटो पाठवेल त्याच्याकडे जा.